हिरवा रंग कुणाच्या पायाचा

सकाळचे सात वाजले की तो फोन अजून तुझ्याच नावानं ओरडतो. "उषाताई, पट्टी तपासायची वेळ झाली." बाई जाऊन महिना झाला, ह्याला पत्ताच नाही! आज चुलीपुढं बसले होते, हातावर भाकरी, आणि हा कोनाड्यातून बोंबलला. भाकरी हातातच मोडली. फोन चालू कसा करायचा, पट्टीजवळ कसा धरायचा, रंग कुठं बघायचा, सगळं शिकवलंस. बंद कसा करायचा तेवढं राहू दिलंस. हे काय शहाण्या बाईचं काम झालं का?

प्रिय उषा,

प्रिय लिहिताना हात अडला. एकोणीस वर्षं तू ह्या घरात सून म्हणून नांदलीस आणि मी तुला "अगं ए"च्या पुढं हाक मारली नाही. पण तुझ्या लेकीच्या, ज्योतीच्या पुस्तकात पत्राचा नमुना आहे, त्यात आधी प्रिय लिहितात. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मध्येच सुटली. ओळ वाकडी जाईल, हसू नकोस. तुझी सही बघून दवाखान्यात ती पोरसवदा डॉक्टरीणबाई म्हणाली होती, "किती सुंदर अक्षर आहे हो!" आणि मी म्हणाले होते, "अक्षरानं पाय बरा हुतो का?" तू मान खाली घालून हसलीस. मला वाटलं, मला हसलीस. कदाचित हसलीही असशील.

आज लिहायला बसले, कारण उद्या ती डॉक्टरीणबाई हा फोन परत न्यायला येणार आहे. ती यायच्या आधी तुझ्याशी बोलणं भाग आहे. जे झालं ते आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. दोघींतली एक गेली. मग एवढं मोठं ओझं मी एकटीनं कुठवर वागवायचं?

श्रावणात तुरीचं जुनं खुंट तुझ्या घोट्यामागं घुसलं. तू लंगडत घरी आलीस तेव्हा मी काय म्हणाले, आठवतं? "हळद दाब आन् पाणी भरून घे." तू हळद दाबलीस, पाणीही भरलंस. महिना गेला, दीड महिना गेला, जखम तोंड मिटेना. मी म्हणायची, कामचुकार बाईची जखमसुद्धा आळशी. शेवटी माझ्या भागवतनं तुला मोठ्या दवाखान्यात नेलं, मीही बरोबर आले. तिथं कळलं की तुला साखर आहे. आपल्या डब्यात साखर आठ दिवस पुरत नाही आणि तुझ्या रक्तात एवढी साठून राहिली! मी तिथंही काहीतरी टोचून बोललेच. आता आठवत नाही काय ते. तुला आठवत असेल.

मग डॉक्टरीणबाईनं ती पट्टी दाखवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आरपार दिसणारी. म्हणाली, "आजी, ह्यात अगदी बारीक सेन्सर आहेत. नॅनो म्हणतात. केसाचे हजारो भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे."

"दिसत न्हाईत तर हायेत कशावरून?" मी विचारलं.

ती बिचारी गोंधळली. तूच बोललीस, "आत्याबाई, रक्तातली साखर तरी कुठं दिसती? पर हाय ना."

तेव्हा मला तुझा राग आला. परक्या माणसासमोर सासूला गप केलं म्हणून. आता वाटतं, एवढं खरं बोलणारी दुसरी कोण होती माझ्या घरात?

डॉक्टरीणबाईनं बैजवार सांगितलं. जखम गरम किती, ओली किती, तिच्यातल्या पाण्याचा आंबटपणा किती, हे सगळं ती पट्टी आतून बघते. भरत आलेली जखम जराशी आंबट असते, बिघडायला लागली की तिचा आंबटपणा जातो. मी म्हणाले, "दूध नासलं की आंबट हुतं, आन् जखम नासली की आंबटपणा जातो? उलटंच हाय की हे!" ती खूप हसली. म्हणाली, "आजी, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार." बघ, माझं बोलणंसुद्धा कुणाच्या उपयोगी पडलं.

सकाळ-संध्याकाळ फोन पट्टीजवळ धरायचा. हिरवा रंग आला की जखम ठीक. पिवळा आला की जपायचं. लाल आला की दवाखान्याची गाडी दारात येणार. जे फोनवर दिसायचं तेच तिकडं डॉक्टरीणबाईलाही दिसायचं. महिनाभर घरात बसायचं, पाय भिजवायचा नाही, चालायचं कमी. दीड महिना झाला की ती स्वतः बघायला येणार. आपल्या गल्लीतल्या गयाबाईच्या पायालाही तसलीच जखम, तिलाही पट्टी मिळाली.

आणि उषा, तुझा पाय बरा होत होता गं! पहिले चार दिवस पिवळा, मग एक दिवस हिरवा, पुन्हा पिवळा, मग सलग हिरवा. कडेनं गुलाबी कातडी धरायला लागली होती. मी रोज डोकवायची, पण तुला दिसू द्यायची नाही. अजून पंधरा दिवस. नुसते पंधरा दिवस बसली असतीस.

पण दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. मुकादम दारात येऊन गेला. गल्लीतल्या जोड्या बोचकी बांधायला लागल्या. तुला कोण काय म्हणालं? भागवत म्हणाला का? तो तर म्हणाला, "तू ऱ्हा, मी जातो." म्हणाले ते मीच. तू ओसरीवर पाय लांब करून शेंगा सोलत होतीस आणि मी झाडता झाडता म्हणाले, "बसा राणीसाहेब. माझं पोरगं जाईल अर्धा कोयता हून."

जिनं ऊस तोडलाय तिलाच हे बोलणं कुठं लागतं ते कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको मागं राहिली की नवरा अर्धा. फडात त्याला कुणी जोडीला घेत नाही. तो तोडणार, मोळी बांधायला दुसऱ्याच्या बायकोच्या विनवण्या करणार, लोक हसणार. मी बावीस हंगाम तोडलाय. ताप अंगात घेऊन तोडलाय. भागवत पोटात असताना तोडलाय. मी केलं म्हणून तूही करायचं, एवढंच माझं शहाणपण. आपण भोगलं ते सुनेला चुकवावं, एवढं साधं माझ्या डोक्यात का आलं नाही? तू मला कधीच "कावून", का म्हणून, विचारलं नाहीस. विचारायचं होतंस!

त्याच दिवशी दिवेलागणीला तू न्हाणीत मला हाक मारलीस. "आत्याबाई, जरा पाय पुढं करा."

"कशाला?"

"पट्टी तुमाला लावू."

मी म्हणाले, "येडी झालीस का?" तू हळू आवाजात सगळा डाव सांगितलास. पट्टी फडावर नेली तर चिखलात लाल होणार, दवाखान्यात कळणार, गाडी न्यायला येणार. फोन कुठल्या गावाला आहे तेही त्यांना दिसतं. फोन इथं, पट्टी माझ्या पायाला. इथं हिरवा दिसत राहिला की कुणी येणार नाही. "पंधरा दिवसांचा तर सवाल हाय आत्याबाई. भरतच आलीय. त्येंनी अर्धा कोयता म्हणून जाऊ नये."

माझंच बोलणं माझ्या पुढ्यात ठेवलंस. तेव्हा तरी मी नको म्हणायला हवं होतं. मी पाय पुढं केला.

पट्टी तुझ्या पायावरून कोमट पाण्यानं मी काढली. माझ्या हातानं. नडगीवर चिकटवली, फोन धरला, तर रंगच येईना. नुसता राखाडी. चांगल्या कातडीवर ती बोलेना. तू कपाळाला हात लावलास. मग मी काय केलं? पाय घासायची वजरी उचलली आणि नडगीवर चारदा कचकचून ओढली. रक्त आलं.

"आवं आत्याबाई, काय करायलाव!"

"गप बस. आता बोलती का न्हाई बघ तुझी पट्टी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा आला. तू टाळी वाजवलीस आणि आपण दोघी तोंडाला पदर लावून हसलो. भागवत बाहेरून म्हणाला, "काय चाललंय सासू-सुनांचं?" एकोणीस वर्षांत आपण दोघी एकाच गोष्टीला हसलो ती तेवढीच वेळ. तेवढं एक हसणं, आणि तेही असल्या कामावर. मला ते राहून राहून आठवतं. दुसरं काही आठवावं म्हटलं तर माझंच ओरडणं ऐकू येतं.

तुझ्या पायाला मी माझ्या जुन्या लुगड्याची उकळलेली चिंधी बांधली. लुगडं सुती होतं, मऊ होतं. पण ते लुगडंच. ते काय सांगणार होतं कुणाला?

रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. मागं पाचटाच्या कोपीत पोरं रडत असायची, ट्रॅक्टरचा आवाज असायचा. तू आधी ज्योतीचा अभ्यास विचारायचीस, मग हळूच, "आज कोणता रंग?"

"हिरवा," मी सांगायची.

"हिरवा? बरं झालं बाई!"

एवढा जीव भांड्यात पडायचा तुझा! आणि माझासुद्धा! उषा, आपण दोघी कुठल्या जातीच्या खुळ्या होतो गं? पाय तुझा तिकडं चिखलात, रंग माझ्या नडगीचा इकडं, आणि आपण दोघी त्या रंगावर खूश! पहिल्या दोन दिवसांत मी विचारायची, "तुझा पाय कसा हाय?" तू म्हणायचीस, "हाय बरा." पुढं पुढं मी विचारायचंच सोडलं. हिरवा आहे ना? मग झालं. आपणच केलेल्या लबाडीवर आपणच विश्वास ठेवला. डॉक्टरीणबाईला फसवायला निघालो आणि फसलो आपणच.

मध्ये एक दिवस माझीच जखम चिडली. मी शेण थापायला बसले होते, पाणी उडालं. रंग पिवळा आला. तिकडून डॉक्टरीणबाईचा लगेच फोन, "उषाताई, पाय खाली सोडून बसू नका हं." मी तुझ्या आवाजात "हो" म्हणाले. त्या संध्याकाळी तुला सांगितलं, पिवळा झालाय. तुझा आवाज बसलेला होता. मला वाटलं, दमलीस. म्हणालीस, "आत्याबाई, हळद लावू नका बरं. डॉक्टरनी न्हाई म्हणलंय. पाय उशीवर ठेवा. शेणात हात घालू नका, ज्योतीला सांगा. जपा."

त्या वेळी तुझ्या अंगात ताप होता. हे मला भागवतनं नंतर सांगितलं. फडात पाणी सोडलेलं, घोट्यापर्यंत गाळ, डोक्यावर मोळी, पाय सुजून खांबासारखा, आणि तू माझ्या नडगीला हळद लावू नका म्हणून सांगत होतीस. मला! जिनं तुला हळद दाबून पाण्याला पाठवलं होतं तिला!

तू बोलली का नाहीस? एक शब्द! "आत्याबाई, जमत न्हाई." मी काय केलं असतं? बोलले असते काहीतरी वाकडं. बोललेच असते. पण भागवतला सांगून तुला बोलावून घेतलं असतं गं. घेतलं असतं का? मला वाटतं, घेतलं असतं. तुला तसं वाटलं नाही, म्हणून तू बोलली नाहीस. ही तुझी चूक नाही. तुला तसं वाटावं असं मी कधी काही केलंच नव्हतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी भागवतचा फोन. "आई, उषा उठत न्हाई. पाय काळा पडलाय गुडघ्यापत्तर." तू त्यालाही चिंधी सोडून दाखवली नव्हतीस. तिकडच्या दवाखान्यात दोन दिवस. विष रक्तात गेलं म्हणाले. तू गेलीस त्या सकाळी सात वाजता हा फोन वाजला, मी खुळ्यागत तो पट्टीजवळ धरला. हिरवा! सुरेख हिरवा!

पट्टी तुझ्या पायाला असती तर लाल झाली असती. डॉक्टरीणबाईनं गाडी पाठवली असती. तेच तर तिचं काम होतं. डोळ्याला न दिसणारे ते कण आपलं काम चोख करत होते. तोंड उघडायचं तेव्हा उघडणार होते. मी त्यांना उचलून अशा पायावर बसवलं जिथं सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, सासू ती सासूच. म्हणू देत.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे लिंबाच्या झाडावर रांगेनं बसलेले, एक खाली येईना. भागवत हात जोडून म्हणाला, "ज्योतीला शिकवतो, हवी तेवढी शिकवतो." कावळा हलला नाही. तुझा भाऊ म्हणाला, "भाचीला काय कमी पडू देणार न्हाई." नाही. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. "म्हातारे, तू बोल काहीतरी." मला ठाऊक होतं तू कशासाठी अडून बसलीस. ओठापर्यंत आलं होतं. आणि मी म्हणाले, "तिला कारलं आवडत न्हाई, ते काढा पानातनं." कारलं काढलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे घरी आलो. तू उपाशी राहिलीस. मी जेवले.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आली होती. तिला आपण काही कळवलं नव्हतं, आणि कुणी चौकशीला येऊ नये म्हणून मी रोज फोन पट्टीजवळ धरतच होते. ठरल्याप्रमाणं पाय बघायला आली आणि दारातच कळलं. खाली बसली ती. म्हणाली, "असं कसं होईल? माझ्याकडं रोजचं हिरवं आहे. आमची पट्टी चुकली का आजी? कुठं चुकली?" भागवत अंगावर धावला. "तुमच्या पट्टीनं खाल्ली माझी बायको! हिरवं दाखवून गाफील ठेवलं आमाला!" त्याला वाटतंय, तू फडावर जाताना पट्टी लावून गेलीस आणि इथला फोन तिथलं सांगत होता. ती पोर मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी? मी खांबाला टेकून उभी होते. लुगड्याखाली माझी नडगी खाजत होती. भरत आलेली जखम खाजते.

ती गेली तशी गयाबाईनं आपल्या पायाची पट्टी ओरबाडून उकिरड्यावर फेकली. "नको बाई, उषाला मारलं तिनं." काल मी तिच्याकडं गेले. पायावर कसला तरी पाला बांधलाय, वर माश्या. मला म्हणाली, "जरा दुखतं, बाकी हाय बरा." तुझेच शब्द. अगदी तुझ्याच तऱ्हेनं म्हणाली. मी तिथून उठले ते थेट घरी आले आणि ज्योतीची वही मागितली.

मी बोलले नाही तर गयाबाईचा पाय जाईल, कदाचित गयाबाई जाईल. बोलले तर भागवत हातचा जाईल. माझा एकच लेक आहे. त्याला कळेल की त्याची बायको त्याच्या आईच्या एका बोलण्यापायी फडावर गेली आणि त्याच्या आईनंच तिच्या पायाची पट्टी सोडून घेतली. तो माझ्या हातची भाकरी खाणार नाही. ज्योती दहावीत आहे, कळती आहे. ती माझ्याकडं कशी बघेल? मला भीती वाटते उषा. ह्या वयात पहिल्यांदा मला कुणाची तरी भीती वाटते. तुला एकोणीस वर्षं माझी वाटत होती, तेव्हा कशी राहिलीस?

म्हणून दहाव्याला नदीवर जे बोलायचं होतं ते आता कागदावर बोलते. उद्या ती डॉक्टरीणबाई आली की ओसरीवर भागवतला बसवीन, ज्योतीला शाळेतून थांबवून घेईन, गयाबाईला हाताला धरून आणीन. सगळ्यांसमोर लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेईन. नडगीवर नवी कातडी आली आहे, गुलाबी, तुझ्या घोट्याला धरायला लागली होती तशी. तिच्याकडं बोट दाखवून सांगीन, की पट्टी चुकली नाही. ती ह्या पायाची खबर देत होती आणि खरी देत होती. मग गयाबाईला नवी पट्टी माझ्या हातानं लावीन आणि जखम मिटेपर्यंत रोज सात वाजता तिच्या दारात जाऊन बसेन. ती चालायला उठली की शिव्या देईन. शिव्या मला येतातच, तुला माहीत आहे. एकदा तरी त्या कुणाला वाचवायच्या कामी येऊ देत. भागवत काय म्हणायचं ते म्हणू दे. ऐकून घेईन. हा माझा शब्द.

तुझी आत्याबाई,
साळूबाई

आणि एक. तिकडं तुला कुणी विचारलं, पट्टी कुणी काढली, का काढली, तर सवयीप्रमाणं मान खाली घालून "माझंच चुकलं" म्हणायचं नाही. खबरदार! मीही येतेच आहे मागनं, तोवर तू तोंड उघडायचं नाही. सांगायचं, आमच्या आत्याबाईला विचारा.